भाग १४: पडद्यावरची आग खरी कशी वाटायला लागली?

आज आधी एक कबुली देतो. मावसभावाच्या संगीतात स्टेजमागच्या एलईडी पडद्यावर मी लाइव्ह आग दाखवायचं ठरवलं. खरी वाटावी म्हणून कण वाढवले, अजून वाढवले, आणि ऐन कार्यक्रमात सगळं अडखळलं. गाणं पुढे, आग मागे! त्यानंतर मी या सॉफ्टवेअरचा इतिहास वाचायला घेतला.

तर सुरुवात १९८२ पासून करू. ‘स्टार ट्रेक २’मध्ये एका ओसाड ग्रहावर आगीची भिंत पसरत जाते. लुकासफिल्ममधल्या विल्यम रीव्ह्जने ही आग एक आकार म्हणून काढलीच नाही, त्याने हजारो कण सोडले. प्रत्येकाला जन्माची जागा, वेग, रंग आणि आयुष्य ठरवून दिलेलं. आयुष्य संपलं की कण विझतो. १९८३ मध्ये त्याने यावर पेपर लिहिला. तीच आपली पार्टिकल सिस्टिम.

पण नुसते कण म्हणजे कारंजं. ज्वाळेची वळणं कुठून आणायची? १९८२ मध्येच ‘ट्रॉन’ आला. त्यावर काम केलेला केन पर्लिन कॉम्प्युटरच्या चित्रांच्या मशीनछाप दिसण्याला वैतागला होता. आता बघा, निव्वळ रँडम आकडे टाकले तर जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या दिसतात. पर्लिनने असा नॉइज बनवला, ज्यात शेजारशेजारचे आकडे एकमेकांशी जुळवून घेतात. ढग, धूर, संगमरवर, सगळीकडे तो चालला. १९९७ मध्ये त्याला त्यासाठी ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

आता नोड्सकडे येऊ. प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी पडद्यावर आकृती काढून मांडायचा, हा प्रयोग बर्ट सदरलँडने एमआयटीत केला होता, तोही १९६६ मध्ये! पुढे १९८७ मध्ये टोरांटोत किम डेव्हिडसन आणि ग्रेग हर्मानोविक यांनी साइड इफेक्ट्स कंपनी काढली. तिचं नोडवालं हुडिनी १९९६ मध्ये आलं. ते सिनेमासाठी होतं, म्हणजे एक फ्रेम बनायला तास लागला तरी चालायचं.

२००० मध्ये हर्मानोविकने डेरिव्हेटिव्ह नावाची वेगळी कंपनी सुरू केली. तिचं टचडिझायनर स्टेजसाठी, लाइव्ह. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणून ज्या नोडमध्ये काही बदललेलं नाही, तो पुन्हा ‘कुक’ होत नाही. आणि पुढे ग्राफिक्स कार्डं प्रोग्रॅम करता यायला लागल्यावर लाखो कणांचं गणित एकाच वेळी व्हायला लागलं.

माझी चूक आता लक्षात आली असेल. मी कण वाढवत बसलो. खरेपणा येतो तो त्यांच्या हालचालीतल्या अनियमितपणातून. कण एक दशांश केले, वेगाला पर्लिन नॉइजचा एक नोड जोडला, आणि घरी त्याच लॅपटॉपवर आग न अडखळता चालली. भावाचं लग्न तर होऊन गेलंय. आता धाकट्या बहिणीची वाट बघतोय!

भेटूया पुढच्या भागात.