शरणागत शहाजादा

आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, बीबी-का-मकबऱ्याखालीं जिची कबर आहे ती दिलरसबानू बेगम 1657 सालीं एका मुलास जन्म देऊन महिन्याभरांत वारली. तो मुलगा शहाजादा अकबर. संभाजी महाराजांचा जन्मही त्याच सालचा, पुरंदरावरचा. चोवीस वर्षांनीं या दोन समवयस्कांची गांठ पडली, ती शरणागत व यजमान या नात्यानें.

1681 च्या जानेवारींत अकबरानें राजपुतान्यांत पित्याविरुद्ध केलेलें बंड फसलें. दुर्गादास राठोडानें त्यास दक्षिणेंत आणिलें, आणि जूनच्या आरंभीं तो सुधागडाजवळ पालीस येऊन उतरला. परराज्यांतील परागंदा पुरुषास थारा द्यावा कीं नाहीं, हा प्रश्न नव्या छत्रपतींपुढें असा दारींच येऊन उभा राहिला. ठेवून घ्यावें तर आलमगिराचा कोप. घालवून द्यावें तर शरणागतास शत्रूच्या हातीं दिल्याचा कलंक. शिवाय हा खरा बंडखोर कीं बापानें पाठविलेला हेर?

महाराजांनीं पाहुण्याच्या राहण्याजेवण्याची तजवीज केली, पण भेट नोव्हेंबरपर्यंत दिली नाहीं. या विलंबाबद्दल कांहीं लेखक त्यांस दोष देतात. आम्हांस तो मान्य नाहीं. राज्याभिषेकास वर्षही झालें नव्हतें आणि घरांतच फितुरी होती. अण्णाजी दत्तोप्रभृति कारभाऱ्यांनीं याच पाहुण्याकडे संधान बांधलें, व त्यानेंच तें महाराजांस कळविलें, असें तत्कालीन वृत्तांतांवरून दिसतें. कारभाऱ्यांस देहान्त शासन झाल्यावर भेट घडली. बापापासून तुटून शत्रूच्या छावणींत जाणें म्हणजे काय, हें तर महाराजांस कोणी सांगावयास नको होतें. 1678 च्या अखेरीस ते स्वतः दिलेरखानाकडे गेले होते!

आश्रय दिला, दिल्लीवर चालून जाण्यास फौज मात्र दिली नाहीं. आंबेरच्या रामसिंगास संस्कृतांत पत्र लिहून साथ मागितली, ती आली नाहीं. एकट्यानें नर्मदा ओलांडावी तर मागें जंजिऱ्याचा सिद्दी व गोव्याचे फिरंगी.

इकडे मार्च 1682 मध्यें बादशहा स्वतः औरंगाबादेस दाखल झाला. अकबरास थारा दिल्यामुळेंच हें संकट ओढवलें, असें म्हणण्याची वहिवाट आहे. तातडीचें निमित्त तें खरें. पण 1686 त विजापूर बुडालें, 1687 त गोवळकोंडें बुडालें. त्यांनीं कोणत्या शहाजाद्यास घरांत घेतलें होतें?

वाट पाहून कंटाळलेला अकबर 1683 त वेंगुर्ल्यास जहाजावर चढला होता. दुर्गादास व कविकलश यांनीं समजूत घालून परत आणिलें. अखेर 1687 च्या फेब्रुवारींत तो राजापुराहून इराणास निघून गेला व तिकडेच वारला. इतक्या वर्षांत बादशहाच्या हातीं तो लागला नाहीं. दुर्गादास त्याच्याबरोबर गेला नाहीं. तो मारवाडास परतला.