ब्रशने रंगवलेलं मॉडेल विमान 'खेळणं' का दिसतं? दोष ब्रशचा नाही, जाडीचा आहे!

प्लास्टिकच्या विमानाचं किट कुरिअरने घरी येतं. सुटे भाग सांगाड्यातून कापून, घासून, चिकटवून दोन-तीन संध्याकाळींत विमान उभं राहतं. इथपर्यंत सगळं छान असतं. मग रंगाची डबी उघडते आणि तासाभरात विमानाचा चेहराच बिघडतो. पंखांवर ब्रशचे फराटे, सांध्यांत साचलेला रंग, कॉकपिटच्या काचेवर बोटांचे ठसे. यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून बहुतेकजण एकच निष्कर्ष काढतात: एअरब्रश आणि कॉम्प्रेसर असल्याशिवाय हे जमायचं नाही. काही हजारांचा तो खर्च पाहून कित्येक किट कपाटात अर्धवट पडून राहतात.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. साध्या ब्रशने आणि मास्किंग टेपने विमान उत्तम रंगवता येतं. फक्त रंग किती जाड बसतोय आणि आधी काय रंगवायचं, या दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. गोंदियासारख्या जिल्ह्यात त्यात तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे हवा.

गोंदिया आणि विमानांचा काय संबंध?

धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून गोंदिया ओळखला जातो. पण शहराजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, ब्रिटिशांनी १९४० साली बांधलेली आहे. आज तिथे वैमानिक घडवणारी नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. तिची डायमंड कंपनीची छोटी पांढरी विमानं परिसरातल्या लोकांना आता सवयीची झाली आहेत. ती पांढरी का, याचं कारण गमतीचं आहे. अशा विमानांचा सांगाडा धातूचा नसून फायबरच्या संमिश्र साहित्याचा असतो. उन्हात तो फार तापला तर त्याची ताकद कमी होते, म्हणून ऊन परतवणारा पांढरा रंग.

आकाशात हे पाहून कुणाला पहिलंच मॉडेल पांढऱ्या विमानाचं करावंसं वाटलं तर ते स्वाभाविक आहे. पण नवशिक्याने ते टाळलेलंच बरं. पांढरा रंग ब्रशने लावायला सगळ्यांत अवघड. तो खालचं झाकत नाही, म्हणून माणूस जाड लावतो, आणि जाड लावला की फराटे दिसतात.

गणित एका कागदाच्या जाडीचं

मॉडेल विमानांत १:७२ हे माप सगळ्यांत जास्त चालतं. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट मॉडेलमध्ये एक इंच. महायुद्धात शत्रूचं विमान दुरून ओळखता यावं म्हणून अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून लाकडाची मॉडेल्स करून घेतली, तीही याच मापाची. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायरचं प्लास्टिक किट काढलं आणि पुढे हे माप घराघरांत पोचलं.

आता झेरॉक्सचा एक कागद डोळ्यांसमोर आणा. त्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. मॉडेलवर रंगाचा थर एवढाच जाड बसला, तर मापाच्या हिशेबाने तो खऱ्या विमानावर सात मिलिमीटरहून जाड होईल. भिंतीचं प्लास्टर जणू! खऱ्या विमानावरचा रंग तर त्या कागदाएवढाच पातळ असतो. डोळ्याला हे गणित येत नाही, पण काहीतरी बोजड आहे हे त्याला लगेच कळतं. 'खेळण्यासारखं दिसतंय' असं आपण म्हणतो ते यामुळेच.

म्हणून रंग डबीतून थेट विमानावर लावायचा नाही. तो आधी पातळ करायचा, साधारण दुधाइतका. पहिला हात लावल्यावर खालचं प्लास्टिक स्पष्ट दिसतं आणि काम फसलं असं वाटतं. तिथेच थांबायचं. पूर्ण वाळू द्यायचं. मग दुसरा हात पहिल्याला आडवा, तिसरा पुन्हा उभा. गडद रंगाला तीन-चार हात पुरतात, पिवळा, लाल किंवा पांढरा असेल तर पाच-सहा. एकदा ब्रश फिरवलेल्या ओल्या जागेवर 'जरा नीट करू' म्हणून पुन्हा ब्रश नेणं ही सगळ्यांत मोठी चूक. अर्धवट वाळलेली साय उचकटते आणि खड्डा पडतो.

रंग कोणता, ब्रश कोणता?

पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग, उदाहरणार्थ वालेहो कंपनीचे, ब्रशसाठी सोयीचे. हम्ब्रोलसारखे इनॅमल रंग सावकाश वाळतात, पण वाळता वाळता स्वतःच सपाट होतात, त्यामुळे फराटे कमी. त्यांना वास असतो, खिडकी उघडी हवी. तामियाचे ॲक्रिलिक एअरब्रशने सुंदर बसतात, पण ब्रशखाली त्यांचा दुसरा हात पहिल्याला विरघळवतो. वाळणं लांबवणारं द्रावण, म्हणजे रिटार्डर, मिसळल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

ब्रशबद्दलचा गैरसमज असा की, छोटं मॉडेल म्हणजे छोटा ब्रश. उलट आहे. पंखासाठी सहा ते आठ मिलिमीटर रुंद, मऊ केसांचा चपटा ब्रश घ्यावा. बारीक ब्रशने मोठी जागा भरली की प्रत्येक फटकाऱ्याची कड वेगळी वाळते. बारीक ब्रश वैमानिकाच्या बुटांसाठी राखून ठेवावा.

सुरुवातीला दोन कंटाळवाणी कामं टाळता येत नाहीत. सगळे भाग भांड्यांच्या साबणाने धुवायचे, कारण साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा आणि बोटांचं तेल त्यांवर असतं. आणि मग प्रायमरचा एक हात द्यायचा. याचं महत्त्व तेव्हा कळत नाही, टेप काढताना कळतं.

मे महिना, कूलर आणि पावसाळा

रंगाच्या बाटलीवरच्या सूचना बहुतेक थंड देशांत लिहिलेल्या असतात. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दुपारी ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतो, पंखाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत तो चिकट झालेला असतो. म्हणून उन्हाळ्यात रंगकाम पहाटे किंवा रात्री. रंग ताटलीत न घेता ओल्या स्पंजवर बटर पेपर ठेवून त्यावर घ्यावा, खालून ओल मिळत राहते.

कूलरसमोर बसून रंगवण्याचा मोह मात्र आवरावा. कूलरचा झोत रंग वाळवतो, वर धूळ आणून चिकटवतो आणि खोलीतली ओल वाढवतो. रंगकाम होईपर्यंत कूलर बंद, नाहीतर तोंड दुसरीकडे. रंगवलेलं विमान गच्चीवर किंवा बंद गाडीत वाळायला ठेवू नये. पातळ प्लास्टिक उष्णतेने वाकतं.

पावसाळ्यात अडचण उलटी होते. इनॅमलला वाळायला दोन-दोन दिवस लागतात. स्प्रे कॅनचं लॅकर वॉर्निश दमट हवेत मारलं तर त्यात ओल अडकते आणि विमानावर पांढरट धुकं धरतं. पाऊस उघडण्याची वाट पाहावी किंवा ब्रशने लावायचं पाण्याचं वॉर्निश वापरावं.

पहिलं विमान कोणतं घ्यावं?

फराटे लपवणारं! दोन-तीन रंगांचे पट्टे असलेलं लढाऊ विमान ब्रशला सोपं जातं, कारण एकच रंग फार मोठ्या जागेवर सपाट दिसावा लागत नाही. हरिकेन हे त्याचं चांगलं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलाच्या तुकड्यांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर हरिकेन उडवली. वर मातकट तपकिरी आणि गर्द हिरवा असे वळणदार पट्टे. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर, मॉडेलमध्ये जेमतेम १७ सेंटिमीटर. पट्ट्यांच्या कडा पेन्सिलने हलक्या आखायच्या, आधी सगळीकडे तपकिरी, मग आखलेल्या भागात हिरवा. या कामाला टेपही लागत नाही.

मिग-२१चा मोह अनेकांना असतो. ते रास्तही आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमानं बनली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी ती हवाई दलातून निवृत्त झाली. पण जुनी मिग उघड्या धातूच्या चंदेरी रंगाची होती आणि चंदेरी रंगातले चमकदार कण ब्रश जाईल त्या दिशेने आडवे होतात, त्यामुळे प्रत्येक फराटा चकाकतो. यावर एक पळवाट आहे. १९७१च्या युद्धाच्या सुमारास यातल्या बऱ्याच विमानांवर तुकड्यांच्या पातळीवर घाईने हिरवे-मातकट रंग चढवले गेले आणि ते एकसारखे नव्हते. त्या काळातली मिग ब्रशने रंगवली तर थोडा ओबडधोबडपणा शोभूनही दिसतो.

टेपची खरी युक्ती

हरिकेनकडे परत येऊ. ब्रह्मदेशच्या आघाडीवर १९४५च्या सुमारास मित्रराष्ट्रांच्या रंगीत लढाऊ विमानांच्या पंखांवर आणि शेपटीवर पांढरे आडवे पट्टे असत. आपल्याच तोफांनी आपलं विमान पाडू नये म्हणून ही खूण. या पट्ट्याची कड सरळ आली नाही तर बाकी विमान कितीही चांगलं असो, नजर तिथेच जाते.

बरेचजण आधी तपकिरी-हिरवा रंगवून वर पांढरा पट्टा काढतात. मग तो झाकायला सहा हात लागतात आणि पंखावर पायरी तयार होते. क्रम उलटा हवा. प्रायमरवर आधी पट्ट्याची जागा जरा रुंद अशी पांढरी रंगवायची. एक दिवस वाळू द्यायची. पट्टा जेवढा हवा तेवढी टेप त्यावर लावायची आणि मग वर गडद रंग. टेप काढली की पांढरा पट्टा हजर.

आता तो रंग टेपखाली झिरपू नये कसा? टेप लावून नखाने तिची कड दाबली, तरी प्लास्टिकच्या रेघांत सूक्ष्म फटी उरतातच. म्हणून गडद रंगाआधी टेपच्या कडेवरून पुन्हा एकदा पांढराच रंग पातळ फिरवायचा. जे काही झिरपायचं ते पांढरं झिरपतं, पांढऱ्यावरच, आणि फटी बुजतात. त्यानंतर गडद रंगाला आत शिरायला जागाच राहत नाही. ब्रश नेहमी टेपकडून बाहेर ओढावा. बाहेरून टेपकडे ढकलला की रंग कडेखाली घुसतो.

टेप कोणती? हार्डवेअरच्या दुकानातली पिवळसर मास्किंग टेप सुरकुत्यांची आणि जास्त चिकट असते. ती वापरायचीच असेल तर आधी काचेवर चिकटवून तिची मळकी कड नव्या ब्लेडने कापून टाकावी आणि तळहातावर एक-दोनदा लावून तिचा चिकटपणा कमी करावा. मॉडेलसाठी मिळणारी तामियाची पातळ जपानी कागदाची टेप महाग पडते, पण एक रीळ कित्येक विमानांना पुरतं. सेलोटेप वापरू नये.

शेवटचा हात लावल्यावर टेप दिवसेंदिवस तशीच ठेवू नये. उन्हाळ्यात तिचा डिंक वितळून विमानावर राहतो. रंग हाताला लागत नाही इतका वाळला की टेप स्वतःवरच दुमडून, अगदी सावकाश, मागे ओढत काढायची. सरळ वर खेचली तर रंगाची पापुद्री सोबत येते. प्रायमर टाळलेल्यांना याच क्षणी पश्चात्ताप होतो.

कॉकपिटची काच: इथे घाई नाही

हरिकेनच्या काचेवर चौकटींची जाळी आहे. काचेवर टेप लावायची, टूथपिकने चौकटीच्या उंचवट्याभोवती दाबायची, आणि अगदी नव्या ब्लेडने त्या रेषेवर कापायचं. जुनं ब्लेड टेप फाडतं, जोर द्यावा लागतो आणि काचेवर ओरखडा उमटतो. चौकटीवर आधी कॉकपिटच्या आतला रंग लावावा, त्यावर बाहेरचा. आतून पाहिलं की चौकट आतल्या रंगाचीच दिसते.

हात थरथरत असेल तर याहून सोपा मार्ग आहे. टेपचा तुकडा काचेवर न लावता तोच विमानाच्या रंगाने रंगवायचा, वाळला की पट्टीने केसासारख्या बारीक पट्ट्या कापायच्या आणि चौकटींवर चिकटवायच्या. ब्रश काचेजवळ जातच नाही.

काच बसवायला फेव्हिक्विक कधीही वापरू नये. त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते आणि ती पुन्हा स्वच्छ करता येत नाही. साधं फेव्हिकॉल पुरेसं आहे. ते वाळल्यावर पारदर्शक होतं आणि चुकलं तर ओल्या कापसाने पुसता येतं.

गोल खुणा लावण्याआधी

रंग पूर्ण झाला की चकचकीत वॉर्निशचा एक हात द्यावा. खरखरीत रंगावर पाण्यात भिजवून लावायची चित्रं, म्हणजे डिकॅल, नीट बसत नाहीत, खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. डिकॅल वाळले की वरून मॅट वॉर्निश.

युरोपातल्या हरिकेनच्या किटमधल्या गोल खुणांत मध्यभागी लाल ठिपका असतो. भारत-ब्रह्मदेश आघाडीवर तो काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवरही लाल गोल असे आणि घाईत घोटाळा झाला की जीव जाई. तिथल्या खुणा नंतर गडद आणि फिकट निळ्या अशा दोनच रंगांच्या झाल्या. किटमध्ये तसे डिकॅल नसतील तर लाल ठिपक्यावर फिकट निळ्याचे दोन पातळ हात द्यावेत, आणि भोवतीचं पांढरं कडंही त्याच निळ्याने भरून घ्यावं.