दोन फायली : एक जाड, एक पातळ

१९७५च्या सुमारास झुरिकमध्ये राहणाऱ्या एखाद्या जोडप्याला भारतातलं मूल दत्तक घ्यायचं असेल, तर त्यांना काय काय तयारी करावी लागत असे? माझ्या पीएचडीचा विषय आहे १८९० सालचा ‘पालक व पाल्य कायदा’ आणि त्याचे पुढे झालेले उपयोग. इंग्रजांनी हा कायदा केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वडील वारलेली मुलं आणि त्यांची मालमत्ता होती. ऐंशी-नव्वद वर्षांनी याच कायद्याचा हात धरून हजारो भारतीय मुलं विमानात बसून परदेशी गेली. हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर झुरिकच्या त्या जोडप्यापासून सुरुवात केलेली बरी.

आधी त्यांच्या देशाचा कायदा बघू. १९१२ पासून लागू असलेल्या स्विस दिवाणी संहितेनुसार दत्तक घेणाऱ्याचं वय किमान चाळीस असावं लागे आणि त्याला स्वतःचं औरस मूल नसावं लागे. दत्तक गेलेल्या मुलाचं जन्मघराशी नातं पूर्ण तुटत नसे, तिथला वारसाहक्क शाबूत राहत असे. १ एप्रिल १९७३ला हे सगळं बदललं. लग्नाला पाच वर्षं झालेली किंवा दोघांनीही पस्तिशी गाठलेली जोडपी आता दत्तक घेऊ शकत होती. त्याहून मोठा बदल म्हणजे ‘पूर्ण दत्तक’. मूल नव्या घरचं झालं की जुन्या घराशी कायद्याचा एकही धागा उरणार नाही. ही तरतूद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नेमक्या याच काळात पश्चिम युरोपात दत्तक जाणाऱ्या मुलांची संख्या घटत चालली होती. गर्भनिरोधक गोळ्या आल्या होत्या, लग्नाशिवाय आई झालेल्या बाईकडे बघण्याची नजर हळूहळू बदलत होती, तिला मूल स्वतःकडे ठेवता येऊ लागलं होतं. घरं तयार, पण मुलं नाहीत. मग नजर बाहेर वळली. कोरियन युद्धानंतर अमेरिकेने ही वाट आधीच पाडली होती. १९५५ मध्ये ओरेगॉनच्या होल्ट दांपत्याने अमेरिकन संसदेकडून खास कायदा मंजूर करून घेऊन कोरियातली आठ मुलं एकदम दत्तक घेतली होती. भारतही या नकाशावर आला. १९७३ ते २००२ या तीस वर्षांत एकट्या स्वित्झर्लंडमध्ये २,२७८ भारतीय मुलं दत्तक गेली.

आता जोडप्याची फाइल. मूल घरात ठेवण्यासाठी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागायची. त्यासाठी सोशल वर्कर घरी यायची. घर किती मोठं, पगार किती, तब्येत कशी, लग्न कसं चाललंय, मूल का हवंय, शेजारीपाजारी काय म्हणतात अशी सगळी चौकशी व्हायची. यालाच पुढे जगभर ‘होम स्टडी’ म्हणायला लागले. मूल आल्यावरही लगेच दत्तक होत नसे. किमान दोन वर्षं त्याला सांभाळायचं, मगच दत्तकाचा अर्ज. थोडक्यात, या माणसांची पारख करायला त्यांच्या सरकारने बऱ्यापैकी कष्ट घेतले होते. ही फाइल जाड.

दुसरी फाइल भारतात तयार व्हायची. आपल्याकडे तेव्हा सर्वांसाठी एकच असा दत्तक कायदा नव्हता. १९५६चा दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी (त्यात बौद्ध, जैन, शीखही आले). सर्वांना लागू होईल असं विधेयक १९७२ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण १९७८ मध्ये ते मागे घेण्यात आलं. १९८० मध्ये मुस्लिमांना वगळून दुसरं आलं, त्याचंही काही झालं नाही. मग परदेशी ख्रिस्ती जोडप्याने करायचं काय? इथे १८९०चा कायदा कामी आला. जोडप्याने कोर्टाकडे अर्ज करायचा, की आम्हाला या मुलाचं ‘पालक’ नेमा आणि त्याला देशाबाहेर न्यायची परवानगी द्या.

मराठीत आपण आईबापांनाही पालक म्हणतो, त्यामुळे इथे जरा गोंधळ होतो. या कायद्यातला पालक म्हणजे आईबाप नव्हे, तर मुलाचा सांभाळ करायला कोर्टाने नेमलेली व्यक्ती. म्हणजे भारत सोडताना ते मूल कुणाचंही दत्तक झालेलं नसे. भारतीय कायद्याच्या नजरेत त्याचं जन्मदात्या आईशी असलेलं नातं जसंच्या तसं होतं. ते तुटायचं दोन वर्षांनी, झुरिकमध्ये, तेही पूर्णपणे.

आणि नातं असं कायमचं तुटणार असेल, तर ज्या बाईचं ते मूल तिची संमती नको का? हवी. स्विस कायदा या बाबतीत कडक होता. बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत आईची संमती घ्यायचीच नाही, आणि दिल्यावरही सहा आठवड्यांच्या आत ती मागे घेता येते. बाळंतपणातून उठलेल्या, घाबरलेल्या बाईकडून घाईघाईत सही घेतली जाऊ नये म्हणून ही काळजी. पण याच कायद्यात एक अपवादही होता. आई किंवा वडील कोण हे माहीत नसेल, किंवा त्यांचा बराच काळ ठावठिकाणा नसेल, तर संमती नसली तरी चालेल. म्हणजे भारतातून आलेल्या कागदावर ‘आई अज्ञात’ एवढे दोन शब्द असले, की ती सगळी आठवड्यांची मोजदाद गळून पडायची.

झुरिक आणि थुरगाउ या दोन कँटनांनी (कँटन म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखा प्रांत) आपल्या हद्दीतल्या भारतीय दत्तकांचा अभ्यास संशोधकांकडून करून घेतला. त्याचं पुस्तक २०२४ मध्ये आलं. नावच ‘आई अज्ञात’ या अर्थाचं आहे. संशोधकांनी २४ प्रकरणं सविस्तर तपासली. त्यांपैकी एकाही फाइलमध्ये जन्मदात्या आईवडिलांच्या संमतीचा कागद मिळाला नाही.

इतिहास शिकताना आम्हाला सुरुवातीलाच एक गोष्ट बजावली जाते. कागद सापडला नाही म्हणजे घटना घडलीच नाही असं समजायचं नाही. काही आयांनी संस्थेत येऊन बाळ स्वतः सोपवलं असेल, तिथल्या वहीत नोंदही झाली असेल, आणि ती वही पुढे पोचलीच नसेल. काही बाळं खरोखरच पायरीवर सापडली असतील. हे सगळं शक्य आहे. पण इथे प्रश्न एका हरवलेल्या कागदाचा नाही. २४ पैकी २४ ठिकाणी एकच रकाना रिकामा असेल, तर ती पद्धत आहे असं म्हणावं लागतं. आणि पद्धत म्हटली की विचारायचं, हा रकाना भरण्याचं काम नक्की कुणाचं होतं?

माझं उत्तर असं, की कुणाचंच नव्हतं. स्विस अधिकारी त्यांच्या हातात होतं ते तपासत होते, म्हणजे झुरिकचं घर. मुलाच्या बाजूचं काय ते भारतीय कोर्टाने बघितलंच असेल असं ते धरून चालत. भारतीय कोर्टापुढे प्रश्न असायचा तो मुलाच्या हिताचा आणि हे जोडपं पालक व्हायला लायक आहे का याचा. त्याचं उत्तर परत त्या जाड फाइलमध्येच. मुंबई उच्च न्यायालयात असे अर्ज छाननीसाठी इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेल्फेअरकडे पाठवायची पद्धत होती, म्हणजे कुणीतरी डोळ्यांखालून घालत होतं. पण आईपर्यंत जाऊन ‘बाई, तुम्हाला हे नीट कळलंय ना?’ असं विचारणं कुणाच्या कामात बसत नव्हतं. आईबद्दल बोलायची ती संस्था, आणि मूल देणारीही तीच संस्था.

यावर एक बचाव नेहमी केला जातो, आणि तो वजनदार आहे. कुमारी माता, विधवा, घरच्यांना न सांगता आलेल्या मुली यांचं नाव कागदावर आलं तर त्यांचं आयुष्य उद्ध्वस्त होईल. म्हणून नाव नको. महाराष्ट्राला हे काही नवीन सांगायला नको. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच कारणाने. विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, बाळाचा जीव वाचावा. प्रार्थना समाजाने पंढरपुरात बालकाश्रम चालवला तोही याच परंपरेतला. जोतिराव-सावित्रीबाईंनी अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. आईचं गुपित राखणं ही दयेची गोष्ट होती, तिच्या जिवाची गोष्ट होती.

पण गुपित राखणं आणि नोंदच न ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुपित राखायचं तर ते कुणालातरी ठाऊक असावं लागतं. पाकीट बंद करून कपाटात ठेवता येतं, किल्ली एकाच माणसाकडे ठेवता येते. ‘आई अज्ञात’ लिहिलं की कपाटच नाहीसं होतं. मग तिने खरंच संमती दिली होती का, की तिला काही दिवसांसाठी मूल ठेवून जा असं सांगितलं होतं, हे तपासायचा मार्गच उरत नाही. त्यात बाईचं संरक्षण किती झालं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असेल. मूल पाठवणाऱ्यांची सोय मात्र सगळीकडे झाली.

भारतात ही गोष्ट उघडपणे मांडली गेली ती १९८२ मध्ये. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. भारतीय मुलं परदेशी पाठवताना संस्था गैरप्रकार करतात अशी तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि ६ फेब्रुवारी १९८४ला न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला. दत्तक कायदा नसलेल्या देशात पुढची कित्येक वर्षं हा निकालच कायद्यासारखा चालला.

निकालातला जोडप्याबद्दलचा भाग सगळ्यांना माहीत असतो. अर्ज त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यायला हवा, होम स्टडी हवा, मूल पोचल्यावर प्रगतीचे अहवाल हवेत, दोन वर्षांत दत्तक पूर्ण व्हायला हवं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो आईबद्दलचा भाग. बाळ जन्मायच्या आधी किंवा जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत तिला निर्णय घ्यायला लावू नका. तिच्यावर दबाव नको. मूल परदेशी जाऊ शकतं हे तिला कळलेलं असावं. आणि मोठं झाल्यावर मुलाने आईबद्दल विचारलं, तर सांगायला फारशी हरकत नसावी, मात्र सांगायचं की नाही हे दत्तक आईवडिलांनी ठरवावं. आज हे शेवटचं वाक्य खटकतं. पण मूल कधीतरी मोठं होऊन विचारणार आहे, हे कोर्टाने गृहीत धरलं होतं.

१९९३च्या हेग कराराने दोन्ही फायली एका धाग्यात ओवल्या. जोडप्याचा अहवाल आणि मुलाचा अहवाल, दोन्ही सक्तीचे. आईची संमती जन्मानंतरचीच हवी. मुलाच्या मुळाची माहिती सरकारने जपून ठेवायची. स्वित्झर्लंडमध्ये हा करार २००३च्या जानेवारीत लागू झाला, भारतात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. भारतात आता मूल सोपवणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात, आणि मोठं झालेलं दत्तक मूल आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकतं. पण नियम पुढच्यांना लागू होतात. १९८० मध्ये गेलेल्या बाळाच्या फाइलमध्ये जे लिहिलंच नाही, ते कोणत्याही करारामुळे उगवत नाही.

ती बाळं आज चाळीस-पन्नाशीची आहेत. कुणी मुंबईत येऊन जुन्या संस्थेच्या दारात उभं राहतं. कुणी डीएनए चाचणी करून दूरचा चुलतभाऊ शोधतं. त्यांच्या प्रश्नांमुळेच युरोपातली सरकारं हलली. नेदरलँड्सने २०२१ मध्ये परदेशी दत्तक थांबवलं आणि नंतर ते कायमचं बंद करायचं ठरवलं. स्विस सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये परदेशी दत्तक बंद करण्याचा इरादा जाहीर केला.

ज्यांनी त्या काळी मुलं नेली, त्यांतल्या बहुतेकांनी प्रेमाने नेली असणार. त्यांना जे विचारलं गेलं त्याची उत्तरं त्यांनी दिली. खोली रंगवली, रजा काढली, दोन वर्षं जीव मुठीत धरून बसले. पण त्यांची तयारी म्हणजे स्वतःला तपासून घेणं एवढीच होती. ‘या बाळाच्या आईला कुणी विचारलं? तिची सही कुठे आहे? ती वाचू शकत होती का?’ हे प्रश्न त्यांनी विचारावेत अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, आणि विचारले असते तर उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

आज एखादं कुटुंब परदेशातून मूल आणायची तयारी करत असेल, मग ते झुरिकचं असो, न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब असो, तर या इतिहासातून त्यांनी एवढं तरी घ्यावं. स्वतःची फाइल नीट भरा, ती भरावीच लागते. पण दुसरी फाइलही मागा, वाचा, तिच्या प्रती काढून जपून ठेवा, आणि त्यात आईचा रकाना रिकामा दिसला तर का रिकामा आहे ते मूल घरी येण्याआधीच विचारा. वीस वर्षांनी ते मूल हाच प्रश्न विचारणार आहे, आणि तेव्हा ते तुम्हालाच विचारेल.