चार घड्यांचं फडकं



चक्का बांधायला, निंबोळी अर्क गाळायला, जखमेवर बांधायला आपण घेतो ते पातळ सुती फडकं. ढाक्याच्या मलमलीचं कौतुक सगळेच करतात, पण या फडक्याचाही इतिहास मोठा आहे.

घरातल्या म्हाताऱ्यांना नारूचं विचारा. नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, की जंताची पिल्लं पाण्यात सुटत. सायक्लॉप्स नावाचे बारीक जलकिडे ती गिळत. ते पाणी पोटात गेलं, की वर्षभरानं दोन हात लांबीचा जंत पायातून बाहेर येई. ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळे. त्यावर ना लस, ना औषध. पण किडा फडक्यात अडकतो, हाच उपाय ठरला. गाळलेलं पाणी प्या, पायविहिरी सुधारा, हे गावोगाव सांगितलं गेलं. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

पटकीचे जंतूही अशाच किड्यांना चिकटून राहतात. बांगलादेशात मतलब भागातल्या बायकांनी जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या करून पाणी गाळलं, तर पटकी जवळजवळ निम्म्यानं घटली, असं २००३ साली प्रसिद्ध झालं. साडी जुनीच बरी. धुऊन धुऊन तिची वीण दाटते.

तेव्हा फवारणीचं फडकं वेगळं, पाण्याचं वेगळं ठेवा. पाण्याचं रोज धुवा, उन्हात वाळवा. मात्र गाळल्यानं सगळे जंतू जात नाहीत. गाळलेलं पाणी उकळूनच प्या.