पाळण्यात न दिसलेले पाय

१९ जून १९८४. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एनबीएचा ड्राफ्ट चालू होता. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू व्यावसायिक संघांनी ओळीने निवडायचे. आयपीएलसारखी बोली नाही. गेल्या मोसमात जे तळाला राहिले त्यांना आधी पाळी, म्हणजे दुबळ्याला चांगला खेळाडू मिळावा. त्या काळी पहिला क्रमांक कुणाचा हे चक्क नाणेफेकीने ठरायचं. त्या वर्षी ह्यूस्टन जिंकलं, पोर्टलंड हरलं.

ह्यूस्टनने घेतला हकीम ओलाजुवान. पोर्टलंडने घेतला केंटकी विद्यापीठाचा सॅम बोवी. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने घेतला नॉर्थ कॅरोलायनाचा मायकल जॉर्डन.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते हसतात. ‘जॉर्डनला सोडून बोवी?’ हा बास्केटबॉलच्या जगातला कायमचा विनोद झाला आहे. पण मला त्या विनोदापेक्षा निर्णयाच्या आदल्या दिवसात जास्त रस आहे. दरवर्षी जून जवळ आला की कॉलेजातला कोण तारा पुढे चमकेल आणि कोण विझेल यावर वाद पेटतात. मीही ते आवडीने वाचतो, आणि वाचता वाचता नेहमी १९८४मध्ये जाऊन पोहोचतो. तेव्हा पोर्टलंडच्या खुर्चीत बसून नेमकं काय दिसत होतं?

दिसत होतं ते असं. संघाकडे क्लाइड ड्रेक्सलर होता, आदल्याच वर्षी निवडलेला. जॉर्डनच्याच जागी खेळणारा, तसाच उंच उडणारा. पुढे तोही महान खेळाडूंच्या यादीत गेला. संघाला हवा होता सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा उंच माणूस. त्या काळी सगळ्यांचाच समज असा की विजेतेपद सेंटर मिळवून देतो. पोर्टलंडने १९७७मध्ये एकुलतं एक विजेतेपद जिंकलं तेही बिल वॉल्टन या सेंटरच्या जोरावर. बोवी सात फूट एक इंच. शिवाय कॉलेजात जॉर्डनची तीन वर्षांची सरासरी १७.७ गुणांची. १९८२च्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी बास्केट मारून त्याने कॉलेजला जिंकून दिलं होतं, १९८४मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडूही तोच ठरला होता. पण प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या शिस्तीत चेंडू सगळ्यांत वाटला जायचा. तो मुलगा पुढे एका मोसमात सरासरी ३७ गुण करेल, हे त्या आकड्यांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बोवीच्या पायाचं हाड कॉलेजात मोडलं होतं, त्यात त्याचे दोन मोसम गेले होते. हा धोका मात्र उघड दिसत होता. पोर्टलंडने तो पत्करला. पहिल्या वर्षी बोवी ७६ सामने खेळला आणि सर्वोत्तम नवोदितांच्या संघात निवडला गेला. मग पाय पुन्हा मोडला, पुन्हा पुन्हा मोडला. पोर्टलंडसाठी तो चार वर्षांत अवघे ६३ सामने आणखी खेळला.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. दिसतात खरे. पण ते किती भार सोसतील हे पाळण्यात दिसत नाही.

गंमत बघा. ओलाजुवानलाही जॉर्डनच्या आधीच घेतलं होतं, पण त्याबद्दल ह्यूस्टनला कुणी हसत नाही, कारण त्याने १९९४ आणि १९९५ अशी दोन विजेतेपदं मिळवून दिली. त्याच ड्राफ्टमध्ये १६व्या क्रमांकावर गोंझागा या लहानशा कॉलेजचा जॉन स्टॉकटन गेला. एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक असिस्ट आज त्याच्या नावावर आहेत. म्हणजे त्याच्याबाबतीत पंधरा निवडी चुकल्या. त्या कुणाच्या लक्षातही नाहीत. बैल गेल्यावर झोपा करणारे आपण, झोपासुद्धा सोयीचा तेवढाच करतो.

आता बावीस वर्षं पुढे येऊ. २००६च्या हंगामात अमेरिकेतल्या कॉलेजांत दोनच नावांची चर्चा होती. त्याच गोंझागाचा अ‍ॅडम मॉरिसन, सरासरी २८.१ गुण, देशात पहिला. आणि ड्यूकचा जे. जे. रेडिक, सरासरी २६.८. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवण्याचा एक पुरस्कार दोघांत विभागून द्यावा लागला. दोघांतला कोण पुढे जाईल? बहुतेकांचं उत्तर होतं मॉरिसन. तो उंच होता आणि अवघड जागेवरून, कुणी अंगावर असतानाही बास्केट करायचा. रेडिक म्हणजे नुसता नेमबाज. बचाव कमकुवत, उंची बेताची.

मॉरिसनला शार्लट बॉबकॅट्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. त्याच महिन्यात त्या संघात भागीदार होऊन बास्केटबॉलचा कारभार हाती घेणाऱ्या माणसाचं नाव होतं मायकल जॉर्डन. तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला खेळाडू आता तिसरा क्रमांक निवडत होता. स्वतः सर्वश्रेष्ठ असणं आणि दुसऱ्यातलं श्रेष्ठत्व ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला सापडलेला नाही.

मॉरिसन पहिल्या वर्षी धडपडला. दुसऱ्या वर्षी हंगाम सुरू होण्याआधीच गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि अख्खं वर्ष गेलं. एनबीएत तो एकूण १६१ सामने खेळला. रेडिक अकराव्या क्रमांकावर ऑर्लँडोला गेला, पहिली दोन वर्षं बहुतेक बाकावर बसला, बचाव शिकला आणि १५ हंगाम टिकला. २००९च्या अंतिम मालिकेत रेडिक ऑर्लँडोकडून खेळत होता आणि समोरच्या लेकर्सच्या ताफ्यात मॉरिसन न खेळता बसला होता. जिंकले लेकर्स. विजेतेपदाची अंगठी मिळाली मॉरिसनला.

त्याच २००९मध्ये आणखी एक कॉलेज खेळाडू देशात सर्वाधिक गुण करून ड्राफ्टला आला. सरासरी २८.६. कॉलेज डेव्हिडसन, गोंझागाहूनही लहान. अंगकाठी किडकिडीत, उंची सव्वासहा फुटांच्या आसपास. मिनेसोटाकडे पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन क्रमांक होते. त्यांनी दोन्हींवर पॉइंट गार्डच घेतले, पण याला घेतलं नाही. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने घेतला, तो स्टीफन करी.

मॉरिसन २८.१, करी २८.६. कागदावर अर्ध्या गुणाचा फरक. मग वेगळं काय झालं? करीच्या घोट्यालाही सतत दुखापती होत होत्या. २०११-१२मध्ये तो फक्त २६ सामने खेळला. घोटा सावरला नसता, तर आज आपण त्याचंही नाव मॉरिसनच्याच ओळीत घेतलं असतं. तो सावरला. आणि दरम्यान खेळच बदलला. एनबीएत तीन गुणांची रेषा १९७९पासून आहे, पण कितीतरी वर्षं लांबून मारणं हा नाइलाज समजला जायचा. करी आला तेव्हा एक संघ सामन्यात सरासरी १८ वेळा लांबून मारायचा. आज हा आकडा ३५च्या वर आहे. ज्या कौशल्याला कमतरता झाकणारी क्लृप्ती म्हटलं जायचं, तेच खेळाच्या मध्यभागी आलं. रेडिक टिकला त्यालाही काही अंशी हीच हवा कारण होती. करीने ती हवा स्वतःही फिरवली, हे मात्र कुठल्याही भाकितात बसणारं नव्हतं.

या वादांतली खरी अडचण मला इथे दिसते. आपण विचारतो, ‘हा मुलगा चांगला आहे का?’ विचारायला हवं, ‘कुठल्या खेळात, कुणाच्या शेजारी, किती वेळ दिला तर?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या मुलाच्या हातात नसतंच. ते निवडणाऱ्याच्या हातात असतं.

आणि वाद घालायला पुरावाही कमी कमी होत गेला आहे. १९७१मध्ये स्पेन्सर हेवूड सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला, तोवर शाळा सुटल्यावर चार वर्षं झाल्याशिवाय एनबीएचं दार उघडत नसे. २००६पासून नियम झाला की शाळेनंतर निदान एक वर्ष थांबायला हवं. २००७मध्ये पोर्टलंडला चक्क पहिला क्रमांक मिळाला. समोर दोन मुलं, दोघांचं कॉलेज एकेक वर्षाचं. सात फुटी सेंटर ग्रेग ओडन आणि सडपातळ केविन ड्युरंट. ड्राफ्टआधीच्या चाचणीत ड्युरंटला ८४ किलोचं वजन एकदाही उचलता आलं नव्हतं. पोर्टलंडने ओडन घेतला. त्याच्या गुडघ्यांनी त्याला पोर्टलंडसाठी ८२ सामनेच खेळू दिलं. ड्युरंट २०१४मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

बोवी, मॉरिसन, ओडन या तिघांसाठी अमेरिकेत एक शब्द आहे: बस्ट. फुसका बार. विशीतल्या पोरावर तो शिक्का बसला की पुसत नाही. पण यांतल्या कुणी आळस केला नव्हता की कुणाला फसवलं नव्हतं. त्यांनी स्वतःला तिथे निवडलंही नव्हतं. नाव दुसऱ्याने पुकारलं. मोडलेल्या हाडाची आणि फाटलेल्या गुडघ्याची उधारी मात्र त्यांच्या खात्यावर लिहिली गेली.

वाद घालू नये असं मी म्हणत नाही. त्यात मजा आहे, येत्या जूनमध्येही मी तो घालणार आहे. फक्त माझ्या भाकिताचा हिशेब आता मी माझ्याच नावावर ठेवतो. ते चुकलं तर चूक माझ्या नजरेची, त्या पोराची नव्हे.