दारातली धार

श्रोतेहो, आपल्या भाषेत 'धारोष्ण' असा एक सुंदर शब्द आहे. नुकतेच चरवीत उतरलेले, आचळाची ऊब अजून अंगात असलेले, फेसाळ दूध, एवढा सारा अर्थ त्या एका शब्दात मावतो. तालमीतल्या पहिलवानांनी त्याचे गोडवे गाइले आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी ते मुलांना आग्रहाने पाजले. दूध जितके ताजे तितके शुद्ध, आणि आपल्या डोळ्यांदेखत काढलेले असेल तर मग शंकेला जागाच नाही, अशी यामागची श्रद्धा. ही श्रद्धा केवळ आपलीच नव्हे. भूमध्य समुद्रातील माल्टा नावाच्या चिमुकल्या बेटावरील लोकही तीच बाळगून होते. तिच्यापायी त्यांना काय सोसावे लागले, आणि खरे कारण उघडकीस आल्यावरही ती सुटावयास किती वर्षे लागली, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

सिसिलीच्या दक्षिणेस असलेले हे बेट एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून 1964 पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात होते. व्हॅलेटा येथील त्याचे बंदर म्हणजे इंग्रजी आरमाराचे मोठे ठाणे. बेटाची जमीन खडकाळ आणि पाऊस बेताचा. गाईला पुरेसा चारा मिळावयाचा नाही. परंतु शेळी काय, बांधावरची काटेरी झुडुपेही खाऊन राहते. साहजिकच माल्टाचे दूध म्हणजे शेळीचे दूध. रोज सकाळी गुराखी आपापले कळप घेऊन शहरात शिरत. गळ्यातल्या घंटांचा आवाज ऐकला की बायका भांडी घेऊन दारात येत आणि शेळी तेथेच, उंबऱ्याशी, पिळली जाई. गिऱ्हाईक वरच्या मजल्यावर राहत असेल तर शेळी जिना चढून वर जाई. आपल्याकडेही गवळी म्हैस दारात आणून धार काढून देत असे, हे अनेक श्रोत्यांनी आपल्या घरच्या वृद्धांकडून ऐकले असेल. व्यवहार असा चोख, की पाण्याचा एक थेंब मिसळण्याचीही सोय नाही.

याच बेटावर एक विचित्र ताप शतकानुशतके ठाण मांडून बसला होता. 'माल्टा ज्वर' हे त्याचे नाव. तो लाटेसारखा चढे, काही दिवसांनी ओसरे, रोगी बरा झाला असे वाटावे तोच पुन्हा चढे. दरदरून घाम, सांध्यांचे ठणके आणि मनाची खोल उदासी हे त्याचे सोबती. त्याने माणसे मरत ती थोडी. पण अंथरुणास खिळत ती महिनोन्‌महिने. दर वर्षी शेकडो सैनिक आणि खलाशी या तापाने निकामी होत व कित्येकांना मायदेशी परत धाडावे लागे.

1884 साली डेव्हिड ब्रूस नावाचा तरुण लष्करी डॉक्टर माल्टात आला. त्याची पत्नी मेरी हीदेखील प्रयोगशाळेत त्याच्या बरोबरीने काम करी. या तापाने मरण पावलेल्या सैनिकांच्या प्लीहेत ब्रूसला एक अतिसूक्ष्म जंतू आढळला आणि 1887 साली त्याने तो शोध प्रसिद्ध केला. शत्रू कोण ते कळले. परंतु तो शरीरात शिरतो कोणत्या वाटेने, हे कोडे पुढे अठरा वर्षे सुटले नाही. कोणी बंदरातल्या घाण पाण्याला दोष दिला, कोणी धुळीला, कोणी डासांना, तर कोणी बेटाच्या हवेलाच. काही खुणा डोळ्यांसमोर असूनही वाचता येत नव्हत्या. हा ताप साध्या शिपायांपेक्षा अधिकाऱ्यांना अधिक येई. इतकेच काय, दुसऱ्याच दुखण्यासाठी रुग्णालयात दाखल झालेले लोक तेथे राहून या तापाने आजारी पडत. अधिकाऱ्यांच्या पानात दूध अधिक असे, आणि आजाऱ्याला तर पथ्य म्हणून दूधच देत. पण दुधाकडे बोट दाखविण्याचे कोणाच्या मनात येईना.

अखेर 1904 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या देखरेखीखाली एक चौकशी मंडळ नेमण्यात आले. त्यात माल्टाचाच एक सुपुत्र होता, डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामिट. 1905 च्या जून महिन्यात त्याने प्रयोगासाठी काही शेळ्या घेतल्या. या तापाचे जंतू टोचून त्यांच्यावर काय परिणाम होतो ते पाहावे, हा बेत. मात्र आधी त्यांचे रक्त तपासून पाहिले, तेव्हा बहुतेक शेळ्यांच्या रक्तात तापाच्या खुणा पूर्वीपासूनच हजर होत्या! लवकरच रक्तात आणि पाठोपाठ दुधातही प्रत्यक्ष जंतू सापडले. पुढील तपासणीत दिसून आले, की बेटावरील जवळजवळ निम्म्या शेळ्यांना हा संसर्ग झालेला आहे आणि सुमारे दहांपैकी एकीच्या दुधातून जंतू बाहेर पडत आहेत. आश्चर्य हे, की या शेळ्या दिसावयास धडधाकट होत्या. अंग तुकतुकीत, कास भरलेली, दुधाला रंग आणि चव जशी असावी तशी. गिऱ्हाइकाने डोळ्यांत तेल घालून पाहिले असते, तरी त्याला खोट काढता आली नसती.

त्याच वर्षी योगायोगाने एक मोठा प्रयोग समुद्रावर घडून आला. माल्टाच्या दुधाळ शेळ्यांची ख्याती ऐकून अमेरिकेने त्यांतल्या साठाहून अधिक विकत घेतल्या व 'जोशुआ निकल्सन' या जहाजातून त्या रवाना झाल्या. वाटेत खलाशांनी मनसोक्त दूध प्यायले. त्यांच्यातले बरेचजण पुढे माल्टा ज्वराने पडले. तेथे ना माल्टाची हवा होती, ना बंदरातली घाण. होते ते केवळ शेळ्यांचे दूध.

मग हुकूम सुटला. 1906 च्या उन्हाळ्यात लष्कराच्या व आरमाराच्या शिधापत्रकातून शेळीचे कच्चे दूध काढून टाकण्यात आले. परिणाम काय झाला पाहा. माल्टातील सैनिकांमध्ये 1905 साली या तापाचे 643 रोगी होते. 1907 साली ते अवघे 7 उरले. औषध नाही, लस नाही, केवळ एक पेला ओठांपासून दूर ठेवला गेला. रोगांच्या इतिहासात इतका चटकन आणि इतका स्वच्छ विजय क्वचितच आढळेल.

परंतु हकीकत येथे संपत नाही. किंबहुना विचार करावयास लावणारा भाग येथूनच सुरू होतो. शिपाई हुकमाचा बंदा असतो. त्याच्या पानात काय वाढावयाचे ते सरकार ठरविते. गावातल्या गृहिणीच्या उंबऱ्याशी मात्र शेळ्या पूर्वीसारख्याच येत राहिल्या आणि ताप नागरिकांत तसाच रेंगाळत राहिला. गुराख्याला म्हणावे तरी काय? शेळी हेच त्याचे सारे भांडवल. समोर उभी असलेली निरोगी शेळी रोगी आहे, ही गोष्ट त्याला पटावी कशी? आणि त्या गृहिणीला तरी दोष कसा द्यावा? फसवणुकीपासून बचाव व्हावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिने एकच उपाय जाणला होता: धार आपल्या डोळ्यांसमोर काढून घ्यावयाची. तिची दक्षता खोटी नव्हती. फक्त ती पाण्यासाठी होती. जंतूसाठी तिच्यापाशी काहीच साधन नव्हते. आता तिने तो जुना पुरावा सोडून द्यावा आणि कुठल्याशा कारखान्यातून आलेल्या दुधावर विश्वास ठेवावा, असे सांगणे सोपे, रुजविणे कठीण. 1938 साली माल्टात सरकारी पाश्चरीकरण केंद्र सुरू झाले आणि शहरांतून शेळ्या फिरवून दूध विकण्यावर टप्प्याटप्प्याने निर्बंध आले. झामिटच्या शोधाला तोवर 33 वर्षे लोटली होती. दरम्यान झामिटने तार्शीन येथील पुराणकालीन देवळे उत्खननाने उजेडात आणली, तो विद्यापीठाचा प्रमुख झाला, 1930 साली त्याला 'सर' हा किताब मिळाला. आणि 1935 साली तो निधन पावला. आपल्या बेटावरील घराघरांत निर्धोक दूध पोहोचलेले पाहणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते. पुढे त्या जंतूला नाव मिळाले तेही ब्रूसवरून: 'ब्रुसेल्ला'.

पाश्चरीकरणाची क्रिया तशी साधी. दूध 63 अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून अर्धा तास, किंवा 72 अंशांवर पंधरा सेकंद राखावयाचे आणि लागलीच थंड करावयाचे. एवढ्याने रोगजंतू मरतात. मात्र त्यांच्याबरोबर दुधातील इतर निरुपद्रवी जंतूही बहुतांशी मरतात, आणि चीज करणाऱ्यांची तक्रार नेमकी येथेच आहे. ज्या कुरणात जनावर चरले त्याची ओळख सांगणारा स्वाद या जंतूंच्या हातचा असतो, असे ते म्हणतात. आणि ते खोटे नाही. फ्रान्समधील रोकफोर हे मेंढीच्या कच्च्या दुधाचेच असले पाहिजे व इटलीतील पार्मेझान हे गाईच्या कच्च्या दुधाचे, असा तेथील नियमच आहे. परंतु त्या नियमांतच मुरविण्याची मुदतही घातलेली आहे: पहिल्यासाठी निदान 90 दिवस, दुसऱ्यासाठी निदान 12 महिने. खारटपणा, आंबटपणा आणि काळ ही तिन्ही मिळून रोगजंतूंना जेरीस आणतात. अमेरिकेने 1949 साली कच्च्या दुधाच्या चीजला निदान 60 दिवसांची मुदत घातली ती याच विचाराने. ही मुदत प्रत्येक जंतूवर पुरेशी ठरत नाही, हे मात्र नंतर दिसून आले.

माल्टात 'जबेना' नावाचे लहानसे, गोल चीज करतात. दूध साकळवून लव्हाळ्याच्या इवल्या टोपल्यांत निथळत ठेवण्याची त्याची जुनी रीत. सुरतेचे टोपली पनीर ज्यांनी चाखले असेल, त्यांना त्याची कल्पना येईल. ते ताजेच खाण्यात गोडी. पण मुरण्याला अवसर नाही म्हणजे जंतू मरण्यालाही अवसर नाही. 1995 साली, ज्या बेटावर या रोगाचे मूळ सापडले त्याच बेटावर, कच्च्या दुधाच्या जबेनापासून त्याची साथ पुन्हा उसळली. शंभराहून अधिक माणसे आजारी पडली व एक दगावले. नव्वद वर्षांपूर्वी शिकलेला धडा एका आवडत्या घासाने विसरावयास लावला.

आपल्याकडे दूध तापविण्याची चाल घरोघर आहे, हे आपले भाग्य. जंतूंचे नावही ठाऊक नसता आपल्या आज्यांनी दूध उतू जाईपर्यंत चुलीवर ठेवले, आणि किती ताप परस्पर चुलीतच जळून गेले असतील! पण हा रोग आपल्या गोठ्यांतही आहे. 2019 साली भारत सरकारने गुरांतील ब्रुसेलोसिसविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना लस टोचली जाते. रोगी जनावराचे वार काढणाऱ्या शेतकऱ्याला दूध तापवून संरक्षण मिळत नाही. त्याचे रक्षण गोठ्यातच व्हावयास हवे.

धारोष्ण दुधाची गोडी खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. माल्टाची ती गृहिणी मात्र आपण ध्यानात ठेवावी. ती निष्काळजी नव्हती. रोज सकाळी भांडे हातात घेऊन ती स्वतः उभी राही, धारेवरची नजर हलू देत नसे, आणि मग ते दूध आपल्या आजारी मुलाला मोठ्या विश्वासाने पाजत असे.