दुखणं हातापायांचं, मग छातीचा स्कॅन कशाला?

हातापायांची बधिरता काही आठवड्यांत झपाट्याने वाढली, तोल जाऊ लागला, म्हणून तुम्ही डॉक्टरांकडे जाता आणि ते छातीचा सीटी स्कॅन लिहून देतात. तुम्ही गोंधळता. या तपासणीमागे मोठा इतिहास आहे.

१९४८ साली डेनी-ब्राउन या मेंदूविकारतज्ज्ञांनी दोन रुग्णांची नोंद केली. दोघांच्याही संवेदना गेल्या होत्या आणि दोघांनाही फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. मृत्यूनंतर तपासल्यावर मणक्याजवळच्या संवेदना वाहणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या दिसल्या, पण कॅन्सर तिथे पोहोचलाच नव्हता! मग या पेशी मारल्या कोणी?

१९६५ मध्ये विल्किन्सन आणि झेरोम्स्की यांना अशा रुग्णांच्या रक्तात चेतापेशींना चिकटणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या. पुढे १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जेरोम पोस्नर आणि सहकाऱ्यांनी कोडं बरंचसं उलगडलं. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये एरवी फक्त चेतापेशींत असणारी प्रथिनं असतात. शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर तुटून पडते आणि तशीच प्रथिनं असलेल्या आपल्याच चेतापेशींनाही शत्रू समजते. ‘अँटी-हू’, ‘अँटी-यो’ ही या अँटीबॉडींची नावं रुग्णांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडली आहेत.

अँटी-हू आजारात पेशी मुख्यतः टी-पेशी मारतात. अँटीबॉडी ही खूण असते. मेलेली चेतापेशी पुन्हा उगवत नाही, म्हणून इथे वेळ फार मोलाची.

२००७ साली जोसेप डाल्मो यांनी आशादायक बाजू दाखवली. भ्रम, फिट्स, विस्मरण अशी लक्षणं असलेल्या १२ स्त्रियांमध्ये त्यांना एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटीबॉडी आढळल्या. बहुतेकींच्या अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ होती. इथे अँटीबॉडी पेशी मारत नाहीत, त्यांचं काम बिघडवतात. त्यामुळे गाठ काढून आणि प्रतिकारशक्ती शांत करणारे उपचार देऊन अनेक रुग्ण सुधारतात.

आता तुमच्या स्कॅनकडे वळू. या आजारात मेंदूची किंवा नसांची लक्षणं बऱ्याचदा कॅन्सर सापडण्याआधी दिसतात. म्हणजे गाठ लहान असतानाच ती पकडायची संधी मिळते. मुंग्या येण्याचं कारण बहुधा मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता असतं, हे आजार दुर्मीळ आहेत. त्यामुळे घाबरू नका. पण त्रास झपाट्याने वाढत असेल आणि डॉक्टरांनी तपासणी सांगितली, तर ती पुढे ढकलू नका.